तेवीस पिजी आणि एक कुंभकर्ण

पोकेमॉनच्या खेळातला पहिला पिजी, म्हणजे एक लहानसा पक्षी, पकडायला आम्हांला सहा चेंडू लागले. मी हातातला जॉय-कॉन हा छोटा कंट्रोलर टीव्हीच्या दिशेने सरळ झटकला, की पडद्यावरचा पोकेबॉल डावीकडच्या गवतात जाऊन पडे. मनगट थोडे उजवीकडे वळवले, की तो तितक्याच निष्ठेने उजवीकडे जाई. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे सांगलीला आलेली माझी भाची मनू हे सगळे शेजारी बसून पाहत होती. तिची तिसरीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि व्हिडिओ गेम तिने त्याआधी फक्त आईच्या मोबाइलवर खेळले होते. तिने दुसरा जॉय-कॉन मागून घेतला, झाडावरची कैरी पाडायला दगड भिरकवावा तसा हात फिरवला आणि पिजी पकडला. पुढचे पाच आठवडे आम्ही रोज संध्याकाळी तासदीड तास हाच खेळ खेळलो. त्यातले काय आवडले आणि काय खटकले हे लिहायला बसलो, तेव्हा माझे आणि तिचे मत बऱ्याच ठिकाणी जुळत नाही हे लक्षात आले, म्हणून दोन्ही नोंदवतो.

खेळाचे नाव ‘पोकेमॉन: लेट्स गो, पिकाचू!’. तो 16 नोव्हेंबर 2018 रोजी निन्टेंडो स्विच या गेम-यंत्रावर आला आणि त्याच दिवशी त्याची ‘लेट्स गो, ईव्ही!’ ही जुळी आवृत्तीही निघाली. पोकेमॉनचे पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये 1996 साली गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आले. 1998 साली त्यांचीच पिकाचू बरोबर घेऊन फिरणारी यलो ही आवृत्ती आली, आणि लेट्स गो ही त्या यलोची नव्याने केलेली मांडणी आहे. त्यामुळे प्रदेश तोच, कांटो, ज्याचे नाव टोकियो ज्या खऱ्या प्रदेशात आहे त्याच्यावरूनच घेतलेले आहे. प्राणीही मुख्यतः तेच मूळचे 151.

माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी मुलांनी हा मूळ खेळ पाहिलाही नव्हता. गेम बॉय आमच्या ओळखीच्या कोणाच्या घरी नव्हता. आम्हांला पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलणारा, शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला लागायच्या आत. आणि नंतर वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या टॅझो नावाच्या चकत्यांच्या रूपाने, ज्यांच्यासाठी मी एकदा भूगोलाची वही अदलाबदलीत दिली होती. म्हणून यलो खेळलेल्या माणसाला या खेळात जी जुनी ओळख लागते, ती मला लागली नाही. मला लागली ती टीव्हीवरची. सुदैवाने या खेळाने दोन्हींची सोय केली आहे. जेसी आणि जेम्स ही मालिकेतली चोरटी जोडी वाटेत पुन्हा पुन्हा आडवी येते, पिकाचू खांद्यावर बसतो, आणि त्याला आवाज आहे तो मालिकेतल्याच इकुए ओतानी यांचा. तो आवाज पहिल्यांदा टीव्हीतून आला, तेव्हा स्वयंपाकघरातून माझ्या आईने विचारले, “अजून चालू आहे होय रे ते?”

आता खेळाच्या मुख्य बदलाविषयी, कारण यावरच सगळे अवलंबून आहे. पोकेमॉनच्या आधीच्या खेळांत रानातला प्राणी पकडायचा म्हणजे आधी त्याच्याशी लढावे लागे: त्याची ताकद कमी करायची, पण तो बेशुद्ध पडू द्यायचा नाही, आणि मग चेंडू टाकायचा. इथे रानातली ही लढाई जवळजवळ पूर्णपणे काढून टाकली आहे. प्राणी गवतात, गुहेत, पाण्यावर डोळ्यांना दिसतात. हवा त्याला जाऊन भिडायचे, नको त्याला वळसा घालायचा. भिडल्यावर प्राण्याभोवती एक लहानमोठे होणारे रंगीत वर्तुळ येते. हिरवे असेल तर सोपा, तांबडे असेल तर अवघड. वर्तुळ अगदी लहान असताना चेंडू त्यात बसला, तर पकडण्याची शक्यता वाढते आणि अनुभवाचे गुणही जास्त मिळतात. हे गुण सोबतच्या सहाही प्राण्यांना एकदम वाटले जातात, आणि ही वाटणी बंद करण्याची सोय नाही.

प्राणी दिसण्याची ही सोय मला निर्विवाद चांगली वाटली. माउंट मून या गुहेत जुन्या खेळात दर चार पावलांना झूबॅट नावाचे वटवाघूळ अंगावर येई, असे ज्यांनी तो खेळला ते आजही दात-ओठ खाऊन सांगतात. इथे झूबॅट समोर फडफडताना दिसतो आणि आपण शहाण्यासारखे भिंतीला चिकटून निघून जातो. मनू मात्र एकाही झूबॅटला चुकवायला तयार नव्हती. काही प्राण्यांभोवती तांबडी झळाळी असते, म्हणजे तो नेहमीपेक्षा मोठा. निळी असते, म्हणजे लहान. निळ्या झळाळीचा झूबॅट दिसला की “मामा, बाळ आहे ते, घे ना” असे म्हणून ती मला ओढत नेई, आणि गुहेतून बाहेर पडायला दोन संध्याकाळी लागल्या.

खेळ इंग्रजीत होता. स्विचवर त्याला जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच अशा इतर काही भाषा आहेत, पण भारतीय एकही नाही. मनू मराठी माध्यमात शिकते, तेव्हा पडद्यावर येणारे प्रत्येक वाक्य मराठीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी ते प्रामाणिकपणे केले. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यावर आव्हान देणारे पोरगे इस्लामपूरच्या माणसासारखे बोलू लागले, आणि रुग्णालयातल्या नर्स जॉय ‘बसा हं जरा, आत्ता होईल’ म्हणू लागल्या. या खेळातले संवाद इतके साधे आणि इतके छोटे आहेत, की त्यांत अशी भर घालायला भरपूर जागा उरते. एकट्याने वाचले असते तर मला ते बालिश वाटले असते, हेही खरे.

पकडलेल्या प्राण्याला नाव देता येते, पण फक्त रोमन अक्षरांत आणि जास्तीत जास्त बारा. त्यामुळे स्पेलिंगची जबाबदारी माझी आणि नामकरण मनूचे अशी वाटणी झाली. ऑडिश नावाचा एक प्राणी आहे. निळसर गोल अंग आणि डोक्यावर हिरव्या पानांचा तुरा. मनूने पाहताक्षणी त्याला ‘मुळ्या’ म्हटले. पुढे जाण्यासाठी एकेक करून हरवायच्या जिम लीडरांपैकी पहिला, ब्रॉक, दगडी प्राणी बाळगतो, आणि त्याच्या दारावरचा माणूस आपल्याकडे गवत किंवा पाणी या प्रकारातला एखादा प्राणी असल्याशिवाय आत सोडत नाही. मनू मुळ्याला घेऊन अभिमानाने आत गेली. नवशिक्याची फजिती होऊ नये म्हणून केलेली ही अट मला कुठल्या तरी सरकारी कार्यालयातल्या ‘आधी झेरॉक्स आणा’ या अटीसारखी वाटली. चूक करायची, हरायचे आणि मग कोणता प्रकार कोणावर चालतो हे शिकायचे, यातली गंमत ती अट आधीच काढून घेते. शिवाय तिची गरजही नव्हती, कारण खांद्यावर बसणारा पिकाचू सर्वसाधारण पिकाचूपेक्षा जास्त ताकदीचा केलेला आहे, आणि ब्रॉकच्या प्राण्यांवर वीज चालत नाही म्हणून त्याला लवकरच दुहेरी लाथ मारायलाही शिकवलेले आहे. पुढे तर त्याला पाण्याचा मारासुद्धा शिकवता येतो. मुळ्याला ब्रॉकसमोर जेमतेम एक वार करायला मिळाला.

दोघांनी मिळून खेळण्याची सोय हे या खेळाचे मोठे बलस्थान, आणि त्याची सर्वांत अर्धवट राहिलेली गोष्टही तीच. दुसरा जॉय-कॉन हलवला की पडद्यावर दुसरा खेळाडू उगवतो. काही जुळवाजुळव नाही, दुसरे खाते नाही. दोघांनी एकाच क्षणी चेंडू फेकला तर प्राणी पकडण्याची शक्यता वाढते. आमचा “एक, दोन, तीन” असा गजर सुरू झाला की शेजारच्या काकू खिडकीतून डोकावत. हातांची ती एकतानता साधली की जी मजा येते, तिच्यासाठी मी हा खेळ कोणालाही सुचवीन. पण लढाईची वेळ आली, की समोरच्याचा एक प्राणी आणि आपले दोन अशी झुंज होते. आधीच सोपा असलेला खेळ त्यामुळे इतका एकतर्फी होतो, की मिस्टीसारख्या नावाजलेल्या जिम लीडरची मला दया आली. लढाई नसते तेव्हा दुसऱ्या खेळाडूला कोणाशी बोलता येत नाही, आणि दारातून आत जायचे ते पहिल्याच्या मागोमाग. दोन दिवसांत हे मनूच्या ध्यानात आले. “मी तुझी शेपूट आहे का?” असे तिने विचारल्यावर आम्ही भूमिका बदलल्या, आणि त्या दिवसापासून दुकानदारांपासून जेसी-जेम्सपर्यंत सगळ्यांच्या मधून नुसता भटकत राहण्याचा कंटाळा कसा असतो, हे मलाही कळले.

जॉय-कॉनच्या झटक्याची तक्रार आमची शेवटपर्यंत राहिली. पुरेसा वेग दिला नाही तर चेंडू पायाशी पडे, जास्त दिला तर डोक्यावरून जाई, आणि प्राणी बाजूला सरकला की त्याच्या दिशेने नेम धरणे हा निव्वळ नशिबाचा भाग. टीव्हीवर खेळताना नेहमीचा दोन हातांनी धरायचा प्रो कंट्रोलर हा खेळ स्वीकारतच नाही, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. तो सापडला वीज गेल्यामुळे. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, आणि त्याच्यासोबत वीज गेली. स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढून हातात घेतला, तर चेंडूचा सगळा कारभारच बदलला. यंत्र हळूहळू हलवून किंवा काठीने नेम धरायचा आणि एक बटण दाबायचे. चेंडू जिथे हवा तिथे जातो. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही तासाभरात जेवढे प्राणी पकडले, तेवढे आधीच्या दोन दिवसांत पकडले नव्हते. मात्र असे खेळताना दुसऱ्या खेळाडूला जागा नसते, म्हणून पाळी लावावी लागली, आणि दिवे आल्यावर मनू पुन्हा टीव्हीकडे गेली. तिला नेमापेक्षा फेकण्यात रस होता. मला चुकलेला प्रत्येक चेंडू वाया गेलेल्या पैशासारखा दिसे, तिला ती आणखी एक फेकण्याची संधी वाटे.

लॅव्हेंडर टाउनला पोचलो तेव्हा हा हलकाफुलका खेळ थोडा वेळ गंभीर झाला. कांटोमधल्या एवढ्या रंगीत गावांत हे एकच गाव मेलेल्या पोकेमॉनच्या स्मारकासाठी ओळखले जाते. इथल्या मनोऱ्यात थडगी आहेत, संगीत वेगळे आहे, आणि कवटी डोक्यावर घातलेले क्यूबोन नावाचे एक पिल्लू आहे, ज्याची आई टीम रॉकेट या चोरांच्या टोळीतल्या लोकांच्या हातून मारली गेली. मनोऱ्यात वर जाताना वाट अडवणारे भूत नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. त्याला सिल्फ स्कोप नावाचे उपकरण लागते, आणि ते मिळवायला सेलेडॉन शहरातल्या टीम रॉकेटच्या अड्ड्यात जाऊन यावे लागते. उपकरण लावल्यावर कळते, की ते भूत म्हणजे त्या पिल्लाची आई आहे. मी वाचत होतो ते थांबलो, कारण पुढचे वाक्य मराठीत कसे सांगावे हे मला सुचेना. मनूने काही विचारले नाही, फक्त मांडीवरचा जॉय-कॉन खाली ठेवला. त्या दिवशी आम्ही आणखी खेळलो नाही.

या खेळाच्या लेखकांना हे जमते, हे पाहिल्यावर बाकीच्या कथेविषयीची माझी तक्रार वाढली. पूर्वीच्या खेळात सोबत वाढलेला प्रतिस्पर्धी उद्धट होता, सतत टोचून बोलणारा. इथे त्याच्या जागी आलेला मुलगा इतका सज्जन आहे, की तो लढाईआधी आपल्याला औषधे आणून देतो. अशा मुलाला हरवून काही मिळवल्यासारखे वाटत नाही. मनूला तो फार आवडला, आणि प्रत्येक वेळी त्याला हरवल्यावर ती टीव्हीकडे पाहून “सॉरी” म्हणे.

लॅव्हेंडरच्या मनोऱ्यातल्या म्हाताऱ्या मिस्टर फुजींकडून पोके फ्लूट मिळते, आणि तिचा उपयोग होतो तो रस्ता अडवून झोपलेल्या स्नॉरलॅक्सला उठवायला. स्नॉरलॅक्स म्हणजे प्रचंड पोटाचा, कायम झोपलेला प्राणी. त्याच्याशी मात्र आधी लढावे लागते, घड्याळ चालू असते, आणि हरवल्यावरच चेंडू टाकायची संधी मिळते. जे काही मोजके प्राणी असे लढून मिळतात, त्यांच्या वेळी दोघांचाही श्वास थोडा रोखला जाई, आणि रानातली लढाई सरसकट काढून टाकल्याने काय हरवले हे तेव्हा मला नेमके कळले. स्नॉरलॅक्स चौथ्या चेंडूत आला. नाव काय ठेवायचे याची चर्चा झालीच नाही. बारा अक्षरांच्या मर्यादेत कुंभकर्ण हे नाव रोमनमध्ये अकरा अक्षरांत बसते, हे मी बोटांवर मोजून पाहिले आणि आम्ही दोघांनी टाळी दिली.

मोठे प्राणी पकडले, की त्यांच्यावर बसून फिरता येते. मुळात जी सायकल होती ती इथे नाही. तिच्याऐवजी आर्कानाइनवर बसून धावता येते, लाप्रसवर बसून समुद्र ओलांडता येतो, आणि कुंभकर्णावर बसले तर तो डुलत डुलत चालतो आणि आपण त्याच्या पोटाला धरून बसतो. बसण्याजोगा नसेल तो मागे चालत येतो. मुळ्या मागून टुणटुण उड्या मारत येताना पाहण्यासाठी आम्ही एकदा एका रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीही काम नसताना चाललो. खेळाच्या गुणांविषयी काही म्हणायचे झाले तर मला हेच पहिले आठवते: या जगात प्राण्यांचे आकारमान खरे वाटते. ऑनिक्स हा दगडी साप सोबत घेतला, की तो पडद्यात मावत नाही.

आता त्या तेवीस पिजींविषयी. एकाच जातीचा प्राणी सलग पकडत गेले, की कॉम्बो वाढतो. एकतीसपर्यंत गेला की त्या जातीचा चांगल्या गुणांचा किंवा वेगळ्या रंगाचा, म्हणजे शायनी, प्राणी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. एरवी ती 4096 मध्ये एक इतकी कमी असते. साहजिकच पकडलेले प्राणी ठेवायच्या पेटीत एकाच जातीचे प्राणी साचतात. ते प्रोफेसर ओक यांच्याकडे पाठवायचे आणि बदल्यात कँडी घ्यायची, अशी व्यवस्था आहे. ती कँडी उरलेल्या प्राण्यांना खाऊ घातली, की त्यांची ताकद वाढते, आणि इतकी वाढते की पुढे डावपेचांना फारसा अर्थ उरत नाही. पाठवलेले प्राणी परत मिळत नाहीत. ओक यांच्या प्रयोगशाळेत गेलो, तर ते तिथेही दिसत नाहीत.

मी एकदा मनूला न विचारता एकोणीस रटाटा, म्हणजे उंदरासारखे प्राणी, पाठवले, आणि मिळालेली कँडी पिकाचूला दिली. तिने पेटी उघडली, आणि पेटी रिकामी. मी समजावून सांगितले. तिने विचारले, “तिथे ते काय करतात?” मी म्हटले, प्रोफेसर त्यांचा अभ्यास करतात. “एकोणीस रटाटांचा?” मग आम्ही गाडी काढून ओक यांच्या गावी गेलो, म्हणजे कुंभकर्णावर बसून गेलो, आणि प्रयोगशाळेत एकही रटाटा नव्हता. पोकेमॉनची मूळ कल्पना सुचलेल्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे जमवण्याचा नाद होता, हे मला माहीत होते. आमच्याकडेही पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधत आणि काडेपेटीत काजवे ठेवत, आणि सकाळी काडेपेटी उघडल्यावर काय दिसते हे प्रत्येकाला एकदा तरी कळलेले असते. या खेळात ती काडेपेटी कोणी उघडतच नाही. खाऊच्या मोबदल्यात प्राणी नाहीसे होणे ही मला आधी नुसती हिशेबाची सोय वाटली होती. मनूच्या प्रश्नानंतर मात्र ते बटण दाबताना माझा हात अडखळू लागला. तिने नियम केला, की यापुढे एकही प्राणी पाठवायचा नाही. पेटीत 1000 प्राणी मावतात, तेव्हा जागेची अडचण नव्हती. पिजींचा कॉम्बो आम्ही तेविसावर सोडला, कारण चोविसावा पळाला. ते तेवीसच्या तेवीस पेटीत राहिले, सगळ्यांची नावे वेगवेगळी, आणि सतरावा ‘सतरा’.

कँडीविना खेळल्याने एक अनपेक्षित फायदा झाला. खेळ थोडा कठीण झाला. पाचवा लीडर कोगा याच्या दारात पन्नास जाती पकडल्याचा पुरावा लागतो. तो आमच्याकडे कधीच तयार होता. पण सगळ्या जिम लीडरांनंतर हरवायच्या शेवटच्या चौघांसमोर, विशेषतः लान्सच्या ड्रॅगनांसमोर, आम्हांला दोन वेळा हार पत्करावी लागली आणि तिसऱ्या वेळी कोण पहिला उतरवायचा यावर जेवणाच्या ताटावर चर्चा झाली. हा खेळ असाही असू शकला असता, हे मला त्या दोन हारींनी दाखवले. त्यासाठी अवघड-सोपे निवडण्याचा एक पर्याय सुरुवातीला दिला असता तरी पुरले असते. तो दिलेला नाही, आणि आम्ही स्वतःवर घालून घेतलेला नियमही मुळात खेळासाठी नव्हताच.

एक गोष्ट मात्र मला मनूला नीट समजावता आली नाही. तिला वल्पिक्स हवा होता, सहा शेपट्यांचा तांबूस कोल्हा. तो आमच्या आवृत्तीच्या रानात येत नाही. तो ईव्हीच्या आवृत्तीत येतो. टीव्हीवर जेसी-जेम्सच्या बरोबर बोलत असतो तो मियाउथही तसाच. त्यांच्या बदल्यात आमच्याकडे ग्रोलिथ आणि मँकी होते. अदलाबदल करायला दुसरा स्विच आणि दुसरी आवृत्ती असलेला माणूस लागतो. 151 वा प्राणी म्यू तर पोकेबॉल प्लस नावाच्या वेगळ्या विकत घ्यायच्या उपकरणाबरोबरच येतो. दोन कार्ट्रिज म्हणजे दोन मुलांनी एकमेकांना भेटावे म्हणून केलेली युक्ती, हे 1996 सालच्या जपानी शाळकरी मुलांच्या बाबतीत खरे असेल. सांगलीत आमच्या गल्लीत ईव्ही खेळणारा कोणी नाही. “मग ते दुसरं पण आण ना,” असे मनू म्हणाली. त्याची किंमत ऐकून तिच्या आईने फोनवरूनच विषय बंद केला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मनू पुण्याला गेली, आणि मी एकटा राहिलो. अजिंक्य झाल्यावर सेरुलियन गुहा उघडते आणि तिच्या तळाशी सत्तराव्या पातळीचा म्यूटू हा बलाढ्य प्राणी असतो; त्याला मी पहिल्याच रात्री पकडला. त्यानंतर कांटोभर मास्टर ट्रेनर उभे राहतात, जवळजवळ प्रत्येक जातीचा एक, आणि प्रत्येकाशी त्याच जातीचा एकच प्राणी घेऊन, औषधे न वापरता लढायचे असते. अवघडपणा इथे आहे, पण तो शेवटी एका ढिगात टाकल्यासारखा आहे. एका रटाटाला तेवढे मोठे करायचे म्हणजे दळण दळणेच, आणि ते दळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सेरुलियन गुहेत चॅन्सी हा गुबगुबीत गुलाबी प्राणी सलग पकडत बसणे, कारण त्याचे अनुभवाचे गुण भरमसाट मिळतात. पावसाळ्याच्या कितीतरी रात्री मी रेडिओ लावून चॅन्सी पकडल्या. चेंडूचा आवाज, तीन हेलकावे, टिचकी. मजा म्हणावी अशी ती नव्हती, पण उठवतही नव्हते. कँडी मिळवण्यासाठी त्यांतल्या शेकडो मी पाठवूनही दिल्या. नियम दोघांनी मिळून खेळताना लागू होता, अशी मी माझी समजूत घातली होती.

दिवाळीत मनू आली. फराळाच्या ताटाआधी तिने स्विच मागितला, आणि मी तिला म्यूटू दाखवणार तोवर तिने थेट पेटी उघडली. एकेका पिजीवर बोट ठेवत ती मोजत गेली, सतराव्यापाशी ‘सतरा’ सापडल्यावर हसली, तेवीस भरले. मग तिने खाली सरकवले. खाली एकापाठोपाठ एक एक्केचाळीस चॅन्सी होत्या, एकीलाही नाव नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिले. “मामा,” ती म्हणाली, “ह्या कधी पाठवणार होतास?”